निरोप-समारंभांतील विनोदी गाणीं व नृत्यें

शालान्त परीक्षा जवळ येऊं लागली म्हणजे शाळाशाळांतून निरोप-समारंभाची लगबग सुरू होते. ज्या गुरुजनांनीं आपणांस शिकविलें त्यांचे आभार मानावे, धाकट्या बंधुभगिनींचा निरोप घ्यावा, आणि जातां जातां सर्वांस घटकाभर हंसवावें, असा त्या दिवसाचा त्रिविध हेतु असतो. पहिलीं दोन कामें भाषणांनीं भागतात. तिसरें मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. कारण एकाच्या हंसण्याचें मोल पुष्कळदां दुसऱ्यास द्यावें लागतें. म्हणून या निवडीविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असें आम्हांस वाटतें.

आभाराच्या दिवशीं विनोद शोभतो काय, अशी शंका कांहीं पालक घेतात. जपान देशांत तो शोभतो. तेथें शाळेचें वर्ष मार्च महिन्यांत संपतें; पदवीदानाचा गंभीर विधि आटोपला कीं पुष्कळ ठिकाणीं ‘शाओन्काई’, म्हणजे उपकारांबद्दल आभार मानण्याची सभा भरते, आणि तींत विद्यार्थी किंवा त्यांचे आईबाप गुरुजनांपुढें गमतीचीं गाणीं व नाचही करून दाखवितात. जपानी मेळाव्यांतून रंगणाऱ्या विनोदी नाचांपैकीं एक शिमाने प्रांतांतील यासुगी या गांवचा आहे. नाचणारा डोकीस पंचा बांधतो, नाकावर नाणें चिकटवितो, आणि हातांत टोपली घेऊन चिखलांतील निसटत्या मासोळ्या पकडण्याची नक्कल करतो. लोक पोट धरून हंसतात. पण हंसूं येतें तें नाचणाऱ्याला. त्यानें दुसऱ्या कोणास हास्यास्पद केलेलें नसतें. उत्तम विनोदाची पहिली कसोटी हीच होय.

आपल्या महाराष्ट्रासही ही विद्या नवी नाहीं. पैठणच्या एकनाथ महाराजांनीं सोळाव्या शतकांत जीं भारुडें रचिलीं, त्यांत जोशी, वासुदेव, भुत्या, गोंधळी अशीं सोंगें आहेत. विंचू चावल्याचें निमित्त करून आरडाओरडा करणारा मनुष्य पाहून श्रोते हंसतात, आणि मग त्यांना कळतें कीं हा विंचू म्हणजे आपल्याच अंगींचे काम-क्रोध. तमाशाच्या गवळणींतील पेंद्या व मावशी हीं पात्रेंही आपल्याच बावळटपणावर व नखऱ्यांवर हंशा पिकवितात. तेव्हां विनोदी प्रवेशासाठीं सिनेमाकडेच धांव घेण्याचें कारण नाहीं. परीक्षेच्या भीतीचा विंचू चावलेला विद्यार्थी आणि त्यास नाना उतारे सुचविणारे त्याचे मित्र, एवढ्या सामग्रीवर एक उत्तम भारूड उभें राहतें.

गाण्यांत सर्वांत सोपा प्रकार विडंबनाचा. आचार्य अत्रे यांनीं ‘केशवकुमार’ या नांवानें लिहिलेला ‘झेंडूचीं फुलें’ हा विडंबनसंग्रह 1925 सालीं प्रसिद्ध झाला. अत्र्यांचें लक्ष्य कवींची लकब होतें, आणि मूळ कविता ठाऊक असलेल्यासच त्यांतली खरी गोडी कळते. यांतून दोन गोष्टी शिकाव्या. एक, चाल अशी घ्यावी कीं ती सभेंतील आजीपासून नातवापर्यंत सर्वांस ठाऊक असेल. दुसरी, मूळ ओळींत जितक्या मात्रा तितक्याच नव्या ओळींत बसवाव्या. शब्द ओढाताण करून कोंबले तर ते ऐकूं येत नाहींत, आणि न ऐकलेल्या शब्दाला कोणी हंसत नाहीं. द्रुत लयीचें गाणें टाळावें. चार कडवीं पुरेत. पांचव्या कडव्याला सभा घड्याळाकडे पाहूं लागते. प्रार्थनागीतें व राष्ट्रगीत यांस मात्र विडंबनासाठीं हात लावूं नये.

आतां नकलेविषयीं. शिक्षकांच्या नकला हा या दिवसाचा आवडता मेवा, आणि आमचीही त्यांस हरकत नाहीं. खडूचा तुकडा फेंकण्याची ढब, चष्मा कपाळावर ठेवून चष्माच शोधणें, ‘समजलें कां?’ हें पालुपद, यांची नक्कल पाहून त्या शिक्षकांसही हंसूं येतें. कारण या त्यांच्या संवयी होत. परंतु बोलण्यांतील अडखळणें, लंगडणें, वर्ण, जात, गांवाकडील बोली, घरची गरिबी, हे विषय संवयीचे नव्हेत. मनुष्यास ते टाकतां येत नाहींत. त्यांस हात लावूं नये. आणखी एक नियम आम्ही सांगूं. मुख्याध्यापकांची नक्कल खुशाल करा. त्यांच्यापाशीं व्यासपीठ आहे, ते हंसत उत्तर देतील. शाळेच्या शिपायाची किंवा झाडलोट करणाऱ्या बाईंची करूं नका. त्यांस उत्तर द्यावयास जागा नसते. वर्गांतील ज्या मित्राची थट्टा करावयाची त्यास आधीं एकान्तांत विचारावें. सर्वांदेखत विचारल्यास तो ‘चालेल’ म्हणतो. एकट्यानें विचारल्यास खरें सांगतो.

हा विवेक पूर्वींपेक्षां आज अधिक हवा. पूर्वीं सभागृहांतील हंशा सभागृहांतच विरून जाई. आज प्रत्येकाच्या हातीं मोबाईल आहे, आणि पांच मिनिटांचा प्रवेश त्याच रात्रीं साऱ्या गांवांत फिरतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचें त्या दिवशींचें टोपणनांव त्याच्या मागोमाग महाविद्यालयांतही जातें. शाळा सोडतांना त्याच्या पदरीं आपण काय बांधून देत आहों, याचा विचार लिहिणाऱ्यानेंच करावा.

नृत्यासाठीं ज्यांना नाचतां येत नाहीं त्यांचा विचार प्रथम करावा. तीन-चार सोप्या पावलांचें कोळीनृत्य किंवा लेझीम घेतल्यास सारा वर्ग उभा राहूं शकतो. सर्वजण उजवीकडे वळले असतां एकानेंच मुद्दाम डावीकडे वळावें, आणि शेवटीं सर्वांनीं त्याच्यामागें जावें, एवढ्यानें विनोद साधतो. पोशाख घरचेच असावे; आजोबांचा फेटा, आईचें जुनें लुगडें, बाबांची मोठी चप्पल. भाड्याच्या पोशाखाची वर्गणी काढल्यास ज्याच्या घरीं ती देणें जड जातें, तो मुलगा ‘मला नाचावयाचें नाहीं’ असें सांगून मागच्या बाकावर बसतो. पालकांनीं याकडे अवश्य लक्ष द्यावें.

क्रमासंबंधीं एवढेंच, कीं विनोद मध्यें असावा आणि आभार शेवटीं. आधीं हंसून मोकळें झालेलें मन कृतज्ञतेचे शब्द सहज स्वीकारतें. उलट, डोळे पाणावल्यावर लागलीच आलेला विनोद कानांस बोचतो. तालमीच्या वेळीं एका वडील माणसास बसवावें, आणि कोणत्या वाक्यास तो हंसला नाहीं हें टिपून घ्यावें. तें वाक्य बहुधा गाळण्यासारखें असतें.

विद्यार्थ्यांनो, शिकविलेले धडे पुढें विसरले जातील, पण त्या संध्याकाळीं कोण हंसलें व कोण मान खालीं घालून बसलें, हें तुम्हांस फार वर्षें आठवेल. अखेरचा पडदा पडतांना ज्यांची थट्टा झाली तेही तुमच्याबरोबर टाळ्या वाजवीत असले, तर निवड योग्य झाली असें खुशाल समजा.