‘नॅनो’ म्हणजे काय? कापड व्यापाऱ्याने जाणून घ्यावे असे बारीक विज्ञान

आम्ही गोंदियाच्या बाजारात कापड विकतो. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराकडून ‘नॅनो फिनिश’ असा छाप असलेले शर्टिंगचे काही तागे घेतले. गिऱ्हाइकासमोर कापडावर पाणी टाकले की थेंब पाऱ्यासारखे घरंगळत. माल हातोहात गेला. दोन महिन्यांत तक्रारी सुरू झाल्या. पाच-सहा धुण्यांतच कापड पाणी पिऊ लागले होते. पुरवठादाराने हात वर केले. बिलावर ‘नॅनो’ हा शब्दच नव्हता. पैसे आम्ही आमच्या खिशातून परत केले. ज्या शब्दावर माल विकला त्याचा अर्थच आम्हाला ठाऊक नव्हता, ही खरी चूक. उर्दू शाळेत हा विषय कधी आमच्या वाट्याला आला नव्हता. पुढे विचारून, वाचून जे उमजले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

नॅनो म्हटले की अनेकांना २००८ साली टाटांनी दाखविलेली छोटी मोटार आठवते. मोटारीने फक्त नाव घेतले होते. मूळ शब्द ग्रीक, अर्थ बुटका. आपले वडील गज-गिरहने मोजत, आपण मीटर-सेंटीमीटरने मोजतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन आणि मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर. कापसाचा एक तंतू साधारण दहा ते वीस हजार नॅनोमीटर जाड असतो. ढोबळमानाने १ ते १०० नॅनोमीटर मापाच्या वस्तू घडविणे, हेच नॅनो तंत्रज्ञान.

इतके बारीक करून फायदा काय? खडीसाखर उशिरा विरघळते, पिठीसाखर लगेच. कारण पूड केल्याने पृष्ठभाग वाढतो. एक सेंटीमीटरच्या ठोकळ्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर असतो. त्याचे एक-एक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर होतो! शिवाय त्या मापाला पदार्थाचा स्वभावही बदलतो. पिवळे सोने लाल दिसू लागते. फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली असे लाल सोनेरी द्रावण तयार केले होते.

कारागिरांच्या हातून हे काम त्याच्याही कितीतरी आधी घडत होते. नवव्या शतकात इराकच्या कुंभारांनी भांड्यांवर चढविलेल्या चमकदार झिलईत तांब्या-चांदीचे नॅनो कण सापडले आहेत. दमास्कसच्या प्रसिद्ध तलवारींचे पोलाद आपल्या हिंदुस्थानातून जात असे. सतराव्या शतकातील असदुल्लाह या लोहाराची एक तलवार जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तपासली आणि तिच्यात कार्बनच्या नॅनो नळ्या आढळल्याचे २००६ साली जाहीर केले. लोहाराला नळी दिसली नव्हती, पण भट्टीचा ताव आणि हातोड्याचा घाव त्याला बरोबर कळत होता.

आधुनिक विचार मांडला तो अमेरिकेचे रिचर्ड फाइनमन यांनी, २९ डिसेंबर १९५९ च्या व्याख्यानात. एकेक अणू उचलून हवा तेथे ठेवता येईल, असे ते म्हणाले. १९७४ साली जपानच्या नोरिओ तानिगुची यांनी ‘नॅनो टेक्नॉलॉजी’ हे नाव दिले. १९८१ साली झुरिचमध्ये अणू ‘दाखविणारे’ सूक्ष्मदर्शक यंत्र तयार झाले, आणि १९८९ साली अमेरिकेत आयबीएमच्या शास्त्रज्ञांनी झेनॉन वायूचे ३५ अणू मांडून कंपनीचे नाव लिहिले. भारत सरकारने २००७ साली ‘नॅनो मिशन’ सुरू केले.

आपल्या राज्यातही मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद व सहकाऱ्यांनी बुरशीपासून चांदीचे आणि २००४ साली चक्क गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे नॅनो कण मिळविले. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे ‘सिरकॉट’ने, २००६ साली झिंक ऑक्साइडचे कण स्टार्चबरोबर सुती कापडावर चढविले. त्या कापडाने जंतू रोखले आणि उन्हातील अतिनील किरणेही अडविली.

पाणी न धरणाऱ्या कापडाचा धडा तर आपल्या तलावांतच आहे. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्यावर मेणचट, अतिसूक्ष्म उंचवटे असतात. जर्मनीच्या बार्टलॉट यांनी १९९७ साली हे उलगडून दाखविले. आपल्या राइस मिलचा कोंडाही कामाचा आहे. जाळल्यावर त्याची सुमारे पाचवा हिस्सा राख उरते, तिच्यात बहुतांश सिलिका असते. त्यापासून नॅनो सिलिका करता येते.

आता सावधगिरीचे. पाणी झटकणारे प्रत्येक कापड नॅनो नसते. पुष्कळदा तो साधा रासायनिक लेप असतो. खरे नॅनो असले तरी ते टिकेलच असे नाही. २००८ साली अमेरिकेत चांदीचे नॅनो कण असलेले मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींची चांदी थोड्याच धुण्यांत पाण्याबरोबर गेली, काहींची टिकली. फरक कण कापडाला कसे बांधले यात होता. वाहून गेलेली चांदी नाल्या-तलावांतील जिवांनाही घातक ठरू शकते.

म्हणून आम्ही आता तीन गोष्टी पाळतो. नमुन्याचा तुकडा घरी दहा वेळा धुऊन मगच त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहतो. गुण किती धुण्यांपर्यंत टिकेल, हे पुरवठादाराकडून बिलावर लिहून घेतो. मोठी खरेदी असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल मागतो. मुंबईच्या टेक्स्टाइल्स कमिटीकडे कापडाची तपासणी होते. जो लिहून देत नाही, त्याचा माल साधे कापड म्हणूनच घ्यावा आणि साध्या भावातच विकावा. कण डोळ्यांना दिसत नाही, गिऱ्हाइकाला तर मुळीच नाही. तो आपल्या शब्दावर पैसे मोजतो.