माहितीच्या शोधाची कथा – लेखांक ४ : एका शल्यवैद्याची सूची

गेल्या लेखांकात आपण ग्रंथालयांतील कार्ड-तालिकेचा विचार केला. त्या तालिकेने ग्रंथ सापडू लागला, हे खरे. परंतु नियतकालिकाच्या जुन्या अंकात दडलेला नेमका एखादा लेख शोधावा कसा, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला होता. अमेरिकेतील वैद्यकापुरते त्याचे व्यवस्थित उत्तर प्रथम दिले ते जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याने. सिनसिनाटी येथे १८६० साली अपस्मारावर प्रबंध लिहिताना संदर्भांसाठी करावी लागलेली वणवण त्यांच्या स्मरणात पक्की राहिली होती. आणि यादवी युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमधील सर्जन जनरलच्या कचेरीचे लहानसे ग्रंथालय त्यांच्या हवाली झाले, तेव्हा लष्करी रुग्णालयांच्या निधीतील सुमारे ८० हजार डॉलरांची शिल्लक ग्रंथखरेदीकडे वळवून त्यांनी त्याचा मोठा संग्रह उभा केला.

संग्रह वाढला, तशी त्यातून वाट काढण्याची निकडही वाढली. बिलिंग्ज रात्री घरी बसून देशोदेशींच्या वैद्यकीय नियतकालिकांतील नोंदण्याजोग्या लेखांवर खुणा करीत आणि कचेरीतील कारकून त्यांची कार्डे लिहून काढीत. या परिश्रमांतून, डॉ. रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने, १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ हे सूचीचे मासिक सुरू झाले. आणि १८८० ते १८९५ या काळात लेखक व विषय एकाच वर्णानुक्रमात गुंफणाऱ्या बृहत्सूचीचे १६ खंड प्रसिद्ध झाले.

याच बिलिंग्ज यांच्याकडे १८८० च्या खानेसुमारीतील जन्ममृत्यूंच्या आकडेवारीचे कामही होते. हे किचकट काम यंत्राने व्हावे, ही सूचना त्यांनीच केल्याचे हर्मन हॉलरिथ या तरुण अभियंत्याने पुढे नमूद केले आहे. हॉलरिथने प्रत्येक माणसामागे एक कार्ड केले आणि वय, लिंग, जन्मस्थान असा तपशील छिद्रांनी दर्शविला. छिद्रातून गेलेली सुई खालच्या पाऱ्यास टेकली की विद्युत्-मंडल पूर्ण होई आणि गणकाचा काटा एक घर पुढे सरके. १८९० ची खानेसुमारी या यंत्रांवर मोजली गेली. मात्र ज्यांच्या सूचनेतून हे यंत्र निपजले, त्यांची वैद्यकीय सूची पुढे कित्येक दशके हातानेच तयार होत राहिली.

ते ग्रंथालय १९५६ साली राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाले. एकच विकार निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या नावांनी संबोधिला, तरी सूचीत त्याला एकच मान्य नाव असावे, या हेतूने १९६० मध्ये विषयशीर्षकांचा कोश सिद्ध झाला. आणि १९६४ साली बेथेस्डा येथे मेडलार्स ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली. वैद्याने आपला प्रश्न लिहून पाठवावा, तज्ज्ञाने तो मान्य शीर्षकांच्या भाषेत मांडावा आणि संगणकाने चुंबकीय फितीवरील नोंदी तपासून यादी छापावी, असा तो क्रम होता.

या व्यवस्थेची झडती १९६६-६७ मध्ये एफ. डब्ल्यू. लँकेस्टर यांनी घेतली. सुमारे ३०० प्रश्न तपासले असता उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५८ टक्केच हाती लागत होते, आणि यादीत आलेल्या लेखांपैकी जवळजवळ निम्मे अप्रस्तुत होते. दोषांची छाननी केली, तेव्हा त्यांची मुळे प्रामुख्याने सूचीकाराने दिलेल्या शीर्षकांत, कोशातील शब्दांच्या अपुरेपणात, प्रश्नाच्या मांडणीत आणि विचारणारा व शोधणारा यांच्यातील अपुऱ्या संवादात आढळली. पुढे १९७१ साली मेडलाइनद्वारे दूरध्वनीच्या तारेवरून तत्काळ शोध घेता येऊ लागला व प्रतीक्षा संपली. परंतु लेखाला यथार्थ नाव देण्याची आणि प्रश्न नेमका विचारण्याची जबाबदारी वेगाने हलकी होत नाही, हा लँकेस्टर यांच्या तपासणीचा निष्कर्ष त्यामुळे बाधित झाला नाही.

माणसाने शीर्षके न देता, केवळ मजकुरातील शब्दांची गणना करून यंत्रालाच लेखाचा विषय ओळखता येईल काय, असा प्रश्न कॉर्नेल विद्यापीठातील जेरार्ड सॉल्टन यांनी हाती घेतला. त्यांच्या प्रयोगांचा परिचय पुढील लेखांकात करून घेऊ.