जोगचा धबधबा : पाणी, प्रकाश आणि माणसे

दोन प्रवासी जोगचा धबधबा पाहून परतले आहेत, अशी कल्पना करा. पहिला ऑगस्ट महिन्यात गेला होता. तो सांगतो की, अवघी दरी धुक्याने आणि तुषारांनी भरून गेली होती. पाण्याच्या गर्जनेत शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नव्हते. दुसरा एप्रिलमध्ये गेला होता. त्याला दिसला तो एक उंच, उघडा कडा आणि त्यावरून ओघळणाऱ्या दोन-तीन बारीक धारा. दोघेही खरेच सांगत आहेत. मग एकाच धबधब्याची ही दोन रूपे का?

‘पावसाळ्यात पाणी असते, उन्हाळ्यात नसते’ हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. उन्हाळ्यात हा प्रवाह पूर्वीही क्षीण होत असे. परंतु आज एखाद्या वर्षी ऐन पावसाळ्यातही जोग आपल्या पूर्ण रूपात दिसत नाही. याचे कारण समजून घ्यायचे, तर या धबधब्याचा भूगोल, त्याचा इतिहास आणि माणसाने त्याचा केलेला उपयोग या तिन्ही गोष्टींकडे एकत्रितपणे पाहावे लागते.

शरावतीचा प्रवास

जोगचा धबधबा कर्नाटक राज्यात, शिवमोग्गा आणि उत्तर कन्नड या जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. तो शरावती नदीवर आहे. ही नदी शिवमोग्गा जिल्ह्यात तीर्थहळ्ळीजवळच्या अंबुतीर्थ येथे उगम पावते. सीतेची तहान भागवण्यासाठी श्रीरामाने येथे जमिनीत बाण मारला आणि पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. ‘शर’ म्हणजे बाण. त्यावरून नदीला शरावती हे नाव पडले, असे लोक मानतात.

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या गोदावरी, कृष्णा, कावेरी या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतात. शरावतीची वाट निराळी आहे. ती पठारावरून वायव्येकडे वाहत येते, नंतर पश्चिमेकडे वळून घाट उतरते आणि होन्नावर येथे अरबी समुद्राला मिळते. तिची एकूण लांबी सुमारे १२८ किलोमीटर आहे. लांबीच्या मानाने ही नदी लहान खरी. पण तिच्या खोऱ्यात पाऊस अतिशय पडतो. समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपल्याजवळची वाफ पावसाच्या रूपाने रिकामी करतात. त्यामुळे या खोऱ्यात काही ठिकाणी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो.

पठार आणि किनारपट्टी यांच्या उंचीत मोठा फरक आहे. हा फरक नदी हळूहळू उतरत नाही, तर जोग येथे एका झेपेत त्याचा बराचसा भाग ओलांडते. येथील खडक अतिप्राचीन आणि कठीण आहे. महाराष्ट्रातील सह्याद्री लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे काळ्या बेसॉल्टचा बनलेला आहे. जोगच्या परिसरातील खडक त्याहून कितीतरी जुना आहे. असा कठीण कडा सहजासहजी झिजत नाही, म्हणूनच येथील पाणी उतारावरून घसरण्याऐवजी सरळ खाली कोसळते.

चार धारा

धबधब्याची उंची सुमारे २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट आहे. जोग हा भारतातील सर्वांत उंच धबधबा आहे, असे विधान अनेक जुन्या पुस्तकांत आढळते. ते आता मान्य करता येत नाही. मेघालयातील नोहकालिकाई धबधब्याची उंचीच सुमारे ३४० मीटर आहे. तथापि पाण्याचा मोठा लोंढा आणि कड्याची मोठी उंची या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे पावसाळ्यातील जोगचे दृश्य देशात विरळाच म्हणावे लागेल.

कड्यावरून पाणी चार धारांनी पडते. त्यांची नावे राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशी आहेत. ‘राजा’ ही धारा एका अखंड स्तंभासारखी सरळ तळाशी जाते. ‘रोअरर’ म्हणजे गर्जना करणारी; ती प्रथम कड्यातील एका खोलगट भागात आदळते आणि तेथून उसळत जाऊन मध्यावर राजाला मिळते. ‘रॉकेट’मधून पाण्याचे फवारे अग्निबाणासारखे सुटतात. ‘राणी’ मात्र खडकाच्या पायऱ्यांवरून फेसाळत, पांढऱ्या वस्त्रासारखी पसरत उतरते. जुन्या इंग्रजी वर्णनांत तिला ‘शुभ्रवसना स्त्री’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव दिलेले आढळते.

मिऱ्यांचे राज्य आणि दोन राज्यांची सीमा

मराठी वाचकांच्या मागील पिढ्या या धबधब्याला ‘गिरसप्पाचा धबधबा’ या नावाने ओळखत. गेरसोप्पा हे गाव धबधब्याच्या खाली, शरावतीच्या काठी वसलेले आहे. आज ते लहान असले, तरी एकेकाळी ते समृद्ध राजधानीचे ठिकाण होते. तेथील चतुर्मुख जैन मंदिर त्या वैभवाची साक्ष देते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे चेन्नभैरादेवी ही राणी राज्य करीत होती. या भागातील मिऱ्यांचा व्यापार तिच्या हाती असल्यामुळे पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. ज्या पावसाने शरावती भरते, त्याच पावसावर मिऱ्यांचे वेलही पोसतात. या नदीच्या खोऱ्यातील संपत्ती प्राचीन काळापासून पाण्याशी जोडलेली आहे, ती अशी.

इंग्रजी अमदानीत धबधब्याला आणखी एक महत्त्व आले. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्याला जोडण्यात आला आणि १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत तो मुंबईकडेच होता. त्यामुळे जोगच्या एका बाजूला मुंबई इलाखा आणि दुसऱ्या बाजूला म्हैसूर संस्थान, अशी स्थिती होती. मुंबईच्या बाजूचे विश्रामगृह ‘बॉम्बे बंगला’ या नावाने ओळखले जाते, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

धबधब्यातील शक्ती

पाणी उंचावरून पडते तेव्हा त्याच्या अंगी शक्ती येते. ही शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी किती आहे आणि ते किती उंचीवरून पडते. दर सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे एक हजार लिटर पाणी २५३ मीटर उंचीवरून पडत असेल, तर त्यात सुमारे अडीच मेगावॉट शक्ती असते. एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट. हे पाणी उघड्या कड्यावरून पडले, तर ही शक्ती गर्जनेत, तुषारांत आणि खडकाच्या झिजेत खर्च होते. तेच पाणी पोलादी नळांतून खाली आणून जलचक्रावर सोडले, तर चक्र फिरते, त्याला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज निर्माण होते. वाया जाणारा थोडा भाग सोडला, तर पाण्यातील बहुतेक शक्ती विजेच्या रूपाने हाती येते.

म्हैसूर संस्थानाला ही विद्या नवी नव्हती. कावेरी नदीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ मध्येच वीज निर्माण करून ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवण्यात आली होती. पुढे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९१२ ते १९१८ या काळात संस्थानाचे दिवाण होते. जोगचा धबधबा पाहून, एवढी शक्ती वाया जात आहे, असे उद्गार त्यांनी काढले, अशी कथा सांगितली जाते. कवी ज्या दृश्याने स्तब्ध होतो, त्याच दृश्याने अभियंता अस्वस्थ होतो, हे या कथेचे मर्म आहे.

प्रत्यक्ष वीजनिर्मितीस १९४८ मध्ये आरंभ झाला. त्यासाठी धबधब्याच्या वरच्या अंगाला हिरेभास्कर धरण बांधण्यात आले होते. या वीजकेंद्राला प्रथम कृष्णराजेंद्र यांचे नाव होते. पुढे त्याचे नामकरण महात्मा गांधी जलविद्युत केंद्र असे झाले. त्याची क्षमता प्रथम १२० मेगावॉटपर्यंत वाढली आणि नूतनीकरणानंतर ती १३९.२ मेगावॉट झाली.

विजेची गरज वाढत गेली, तसे अधिक मोठे धरण आवश्यक वाटू लागले. १९६४ मध्ये धबधब्यापासून सुमारे सहा किलोमीटर वर लिंगनमक्की धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात सुमारे १५१ अब्ज घनफूट पाणी मावते. या जलाशयातील पाणी कालव्याने तळकळले येथील जलाशयात नेले जाते आणि तेथून नळांद्वारे घाटाच्या पायथ्याच्या शरावती वीजकेंद्रात उतरवले जाते. येथे पाण्याला धबधब्याच्या उंचीपेक्षाही अधिक उतार मिळतो. या केंद्राची क्षमता १,०३५ मेगावॉट आहे. लिंगनमक्की धरणाच्या पायथ्याशी ५५ मेगावॉटचे आणि खाली गेरसोप्पा येथे २४० मेगावॉटचे केंद्र आहे. म्हणजे एकाच नदीचे पाणी समुद्राला मिळण्यापूर्वी एकाहून अधिक वेळा वीज देऊन जाते.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. शरावतीचे बहुतेक पाणी आज धबधब्याच्या वाटेने जातच नाही. ते धबधब्याला वळसा घालून, डोळ्यांना न दिसता, नळांतून घाट उतरते. जलाशय काठोकाठ भरून धरणाचे दरवाजे उघडले, म्हणजेच जोग आपल्या जुन्या रूपात दिसतो. एप्रिलमध्ये गेलेल्या प्रवाशाला जे पाणी कड्यावर दिसले नाही, ते कदाचित त्याच रात्री दूरच्या एखाद्या शहरात दिव्यांच्या रूपाने उजळले असेल.

प्रकाशाची किंमत

शरावतीच्या विजेने त्या काळी म्हैसूर राज्याच्या गरजेचा मोठा भाग भागवला. कारखाने चालले, शेतीचे पंप फिरले, घरोघरी दिवे लागले. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु लाभाच्या हिशोबात खर्चाची बाजूही लिहावी लागते.

लिंगनमक्कीच्या जलाशयाने सुमारे ३०० चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला. त्याखाली अरण्ये गेली, तशीच भातखाचरे, सुपारीच्या बागा, देवळे आणि नांदती गावेही गेली. तेथील कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून अन्यत्र जावे लागले. त्यांपैकी अनेकांना वनजमिनीवर वसवण्यात आले आणि त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके सुटला नाही. काही गावे बुडाली नाहीत. पण तिन्ही बाजूंनी पाणी आल्यामुळे जगापासून तुटली. तुमरी आणि सिगंदूर या भागातील लोकांना दवाखाना, शाळा, बाजार यांसाठी लाँचने पाणी ओलांडावे लागे. २०२५ च्या जुलै महिन्यात जलाशयावरील मोठा पूल खुला झाला, तेव्हा त्यांची ही अडचण दूर झाली. धरण पूर्ण झाल्यापासून तोवर एकसष्ट वर्षे लोटली होती. ज्यांच्या भूमीवरील पाण्याने दूरची शहरे उजळली, त्यांनी एका पुलासाठी इतकी वाट पाहिली.

कन्नड लेखक ना. डिसोझा यांनी धरणग्रस्तांचे हे दुःख ‘द्वीप’ या कादंबरीत मांडले. तिच्यावर गिरीश कासारवळ्ळी यांनी काढलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आकडे जे सांगू शकत नाहीत, ते कधी कधी साहित्य सांगते.

नदीच्या मुखाशीही बदल झाला. पूर्वी पावसाळा संपला की खाडीत समुद्राचे खारे पाणी आत येई. वीजकेंद्रांतून वर्षभर गोडे पाणी सुटू लागल्यावर खाडीचा खारेपणा घटला आणि त्यावर अवलंबून असलेल्या माशांवर व शिंपल्यांवर परिणाम झाला. डोंगरावर घेतलेल्या निर्णयाचा परिणाम समुद्रकाठच्या मच्छीमाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो, हे यावरून ध्यानात येते.

पुन्हा एकदा तोच प्रश्न

हा प्रश्न केवळ भूतकाळातील नाही. तळकळले आणि गेरसोप्पा या दोन जलाशयांचा उपयोग करून २,००० मेगावॉट क्षमतेचा नवा प्रकल्प उभारण्याची योजना अलीकडच्या वर्षांत पुढे आली. विजेची मागणी कमी असताना पाणी खालून वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते पुन्हा खाली सोडून वीज मिळवायची, अशी ही कल्पना आहे. सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज हवी तेव्हा मिळत नाही. ती साठवण्याचा हा एक मार्ग आहे. मात्र या योजनेचा परिसर शरावती खोऱ्यातील सिंहपुच्छ वानरांच्या अभयारण्यात येतो. हे वानर जगात केवळ पश्चिम घाटात आढळतात आणि त्यांना उंच वृक्षांचे सलग अरण्य लागते. म्हणून योजनेला विरोधही झाला. दोन्ही बाजूंचे म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे.

पावसाळ्यात आजही हजारो लोक जोगला जातात. कठड्याशी उभे राहून त्या चार धारा पाहताना मन भरून येते, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि जोग पूर्णपणे पाहायचा असेल, तर कड्यावरून पडणाऱ्या पाण्याबरोबरच न पडणारे पाणीही मनाने पाहिले पाहिजे : नळांतून उतरणारे, दिव्यांत उजळणारे आणि जलाशयात अनेक गावांवर पसरलेले. कडक उन्हाळ्यात लिंगनमक्कीचे पाणी फार खाली गेले, म्हणजे त्यात बुडालेले जुने हिरेभास्कर धरण पुन्हा वर दिसू लागते. पाण्याखाली गेलेल्या गोष्टी नाहीशा होत नाहीत. पाणी ओसरण्याची वाट पाहत त्या तेथेच असतात. आपल्या घरातील दिव्याचे बटण दाबताना कधीतरी त्यांची आठवण झाली, तर ती वृथा ठरणार नाही.