फुप्फुसांतील उघाडी

रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीकांठच्या खाजण जमिनीभोंवतीं बांध घालतात आणि त्या बांधांत पाण्याच्या वाटेवर एक झडप बसवितात. तिला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली कीं शेतांत सांचलेलें पाणी झडप ढकलून खाडींत जातें. भरती आली कीं खाडीच्याच दाबानें ती मिटते आणि खारें पाणी आंत शिरत नाहीं. माणसाच्या फुप्फुसांत बसविण्याची जी झडप अलीकडे निघाली आहे, तिचें काम ह्या उघाडीसारखेंच चालतें. फरक इतकाच कीं ती हवेची राखण करते.

ही झडप एम्फिझीमा ह्या व्याधीसाठीं आहे. फुप्फुसांत कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश असतात. वर्षानुवर्षें ओढलेल्या तंबाखूच्या धुरानें त्यांच्या भिंती झिजल्या म्हणजे लवचिकपणा जातो. हवा आंत शिरते, पण पुरती बाहेर निघत नाहीं. बिघडलेला भाग फुगून बसतो आणि शेजारच्या चांगल्या भागाला दाबून टाकतो. मग जिना चढणें तर राहोच, अंगांत सदरा घालतांनाहि दम लागतो. ह्या रोग्याची मुख्य अडचण जुनी हवा अडकून राहण्याची असते, ही गोष्ट घरच्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

पूर्वी ह्यावर छाती उघडून फुगलेला भाग कापीत. आजहि कांहीं वेळां कापतात. झडपेला कापाकापी लागत नाहीं. १८९७ सालीं जर्मनींत गुस्ताव्ह किलियन ह्यांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेंत अडकलेलें हाड तोंडावाटे नळी घालून काढलें. पुढें १९६६ च्या सुमारास जपानच्या शिगेतो इकेडा ह्यांनीं काचतंतूंची वांकणारी नळी केली. त्याच वाटेनें आज डॉक्टर फुगलेल्या खंडाच्या श्वासनलिकांत झडपा सोडतात. निकेल-टायटॅनियमच्या तारेची जाळी व तींत सिलिकोनचें तोंड, अशी ती वस्तु. श्वास सोडतांना ती उघडते, घेतांना मिटते. रोगट खंड हळूहळू आकसतो आणि शेजाऱ्याला पसरावयास जागा मिळते.

परंतु खेकड्यांनीं बांध पोखरला असेल तर उघाडी काय करणार? फुप्फुसाचे खंड एकमेकांपासून वेगळे करणारी फट कित्येकांत अपुरी असते. तेथून शेजारची हवा रोगट खंडांत शिरते आणि झडप फुकट जाते. म्हणून आधीं छातीचें सीटी स्कॅन काढतात. पुष्कळदां नळींतून फुगा सोडून ही गळतीहि तपासतात. विडी-सिगारेट चालू असलेल्यानें तर ह्या वाटेला जाऊंच नये.

अमेरिकेनें ह्या झडपेस २०१८ सालीं मान्यता दिली. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेंत १२८ रुग्णांना झडपा बसविल्या होत्या. वर्षाअखेर त्यांतील ४७.७ टक्के रुग्णांची श्वास जोरानें सोडण्याची शक्ति निदान १५ टक्क्यांनीं वाढली. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण १६.८ टक्के होतें. मात्र झडपा बसविलेल्यांपैकीं ३४ जणांचें फुप्फुस फाटून छातीच्या पोकळींत हवा शिरली, आणि बहुतेकांस हा अपघात पहिल्या तीन दिवसांतच झाला. तो जिवावर बेतूं शकतो. तेव्हां मुंबईस झडप बसवून दुसऱ्याच दिवशीं तीनशेंहून अधिक किलोमीटरांवरील रत्नागिरीची गाडी धरणें म्हणजे शुद्ध अविचार होय.

कोंकणापुरता प्रश्न आणखी निराळा आहे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स ह्यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' मध्यें धूम्रपान न करणाऱ्यांच्या ह्या जुनाट श्वासविकाराकडे लक्ष वेधलें. चुलीचा धूर हें त्याचें एक मोठें कारण. आषाढांत ओलीं लांकडें फुंकणाऱ्या बाईनें जन्मांत विडीला हात लावलेला नसतो. अशा धुरानें वायुकोश फुगण्यापेक्षां श्वासनलिकाच जाड व अरुंद होण्याकडे कल अधिक असतो. जेथें फुगलेला खंड नाहीं, तेथें झडपेला कामच नाहीं. अशा बाईची पहिली तपासणी म्हणजे यंत्रांत जोरानें फुंकर मारून श्वास मोजणें. तिचा उपचार म्हणजे नळ्या रुंद करणारें, श्वासावाटे घ्यावयाचें औषध, आणि चुलीवरून धुराला बाहेर जाण्याची वाट किंवा चुलीच्या जागीं गॅस.