बॉयलर तपासणीचं सॉफ्टवेअर : छोटा धंदा, मोठी जबाबदारी



"सर, ॲप बनवायचंय, पण कशाचं बनवू?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. जिथे काम रोज होतं, नोंद वहीत होते आणि नोंद चुकली तर मालकाला भारी पडतं, तिथे बघा. आज असंच एक क्षेत्र घेऊ : कारखान्यातला बॉयलर.

ग्राहक कोण?

इचलकरंजीचं सायझिंग, भिवंडीचं डाइंग, सोलापूरचा टॉवेल कारखाना, दूध डेअरी, मोठी लॉन्ड्री. सगळीकडे वाफ लागते, म्हणजे बॉयलर आलाच. मोठ्या साखर कारखान्याकडे स्वतःचे इंजिनिअर असतात, त्यांच्या मागे लागू नका. एक-दोन बॉयलर असलेला मालक हा तुमचा ग्राहक. त्याचा सुपरवायझर, अकाउंटंट आणि खरेदी बघणारा बऱ्याचदा एकच माणूस असतो.

कायदा थोडक्यात

१९२३ चा बॉयलर कायदा जाऊन आता बॉयलर्स ॲक्ट, २०२५ आलाय. बॉयलरची नोंदणी लागते आणि तो चालवायला प्रमाणपत्र लागतं. ते साधारणपणे जास्तीत जास्त १२ महिन्यांचं असतं, मग पुन्हा तपासणी. आपल्याकडे हे काम बाष्पके संचालनालय बघतं. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचा किंवा १०० अंशांखाली पाणी तापवणारा संच या व्याख्येत येत नाही. त्यामुळे हॉटेलच्या गरम पाण्याच्या संचाला "कायद्याने लागतं" असं सांगून सॉफ्टवेअर विकू नका. खोटं बोलून मिळालेला ग्राहक टिकत नाही.

नव्या कायद्यात सातपैकी चार गंभीर गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा कायम ठेवली आहे. कारण साधं आहे, इथे माणसं मरतात. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात ऊंचाहारच्या वीज केंद्रात बॉयलरच्या दुर्घटनेत तीसहून जास्त कामगार गेले.

"तारखेसाठी मोबाईलचं कॅलेंडर आहे की!"

मालक हे म्हणणारच. त्याला तीन गोष्टी सांगा.

१. प्रमाणपत्र फक्त तारखेने संपत नाही. अपघात झाला किंवा बॉयलरच्या रचनेत बदल केला, तर मुदतीआधीच ते बाद होऊ शकतं. कॅलेंडरला हे कळत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये "दुरुस्ती" अशी नोंद पडली, की लगेच "परवानगी घेतली का?" हा प्रश्न यायला हवा.

२. तपासणीची तयारी एका दिवसात होत नाही. अर्ज, फी, बॉयलर थंड करणं, आतून साफ करणं, मॅनहोल उघडणं, नवीन गॅस्केट आणून ठेवणं. म्हणून आठवण ६०, ३० आणि १५ दिवस आधी जावी आणि प्रत्येक वेळी "आज काय करायचं" हे त्यात लिहिलेलं असावं.

३. रोजच्या आकड्यांत पैसा लपलेला असतो. धुराड्यातून जाणाऱ्या धुराचं तापमान साधारण २२ अंशांनी वाढलं, की इंधन अंदाजे १ टक्का जास्त जळतं. समजा, नळ्यांवर काजळी बसून तापमान ४४ अंशांनी चढलं आणि महिन्याचं इंधन ५ लाखांचं आहे. म्हणजे महिन्याला जवळपास १०,००० रुपये धुरात गेले. वहीत हे दिसत नाही, आलेखात दिसतं. मालक तारखेसाठी ऐकून घेईल, पण पैसे बहुतेक या आलेखासाठी देईल.

मोबाईलवर काय, कॉम्प्युटरवर काय?

मोबाईल हा बॉयलर अटेंडंटचा. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसते, म्हणून नोंद आधी फोनमध्येच सेव्ह झाली पाहिजे आणि नेट मिळालं की वर गेली पाहिजे. हात घामाचे, काजळीचे असतात, बटणं मोठी ठेवा. भाषा मराठी ठेवा आणि हिंदीचीही सोय द्या, कारण अटेंडंट बाहेरच्या राज्यातला असू शकतो. एका पाळीत दहा-बाराच आकडे विचारा : वाफेचा दाब, पाण्याची पातळी, गेज ग्लास तपासली का, ब्लोडाऊन केलं का, पाण्याचा टीडीएस, धुराचं तापमान. बॉयलरवर क्यूआर कोड लावा. तो स्कॅन केल्याशिवाय फॉर्म उघडायचाच नाही, म्हणजे चहाच्या टपरीवर बसून वही भरणं बंद.

कॉम्प्युटर हा ऑफिसचा. तिथे नोंदणी क्रमांक, मंजूर दाब, प्रमाणपत्राची मुदत, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेजच्या तपासणीच्या तारखा, जुने कागद स्कॅन करून. आणि एक प्रिंटचं बटण. अधिकारी आल्यावर कागद हातात देता आला पाहिजे.

एक सोय मागतील, ती देऊ नका

कुणीतरी म्हणेलच, "भाऊ, मागच्या तारखेने नोंद टाकायची सोय ठेवा ना, कधीतरी राहून जातं." इथे ठाम राहा. एकदा ही सोय दिली की तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे खोट्या वहीची छापील प्रत. उद्या काही घडलं तर चौकशीत त्या नोंदीला शून्य किंमत राहील आणि तुमचंही नाव निघेल. चूक दुरुस्त करता यावी, पण जुनी नोंद पुसून नाही. नवी नोंद खाली यावी, वेळेसकट, नावासकट. राहिलेली नोंद "राहिली" अशीच दिसावी. एखादा ग्राहक यावरून सोडून गेला तर जाऊ द्या. तुमचा खरा माल हा विश्वास आहे, स्क्रीन नाही.

हिशोब

समजा एका बॉयलरला महिना ५०० रुपये, वर्षाचे आगाऊ ६,०००. चाळीस बॉयलर झाले तर वर्षाला २,४०,०००. यातून सर्व्हर, एसएमएस, पेट्रोल, डेव्हलपरचे पैसे जाणार. म्हणजे पहिल्या वर्षी नोकरी सोडण्याइतकं हे उत्पन्न नाही, आत्ताच समजून घ्या. पण वर्षभराच्या नोंदी ज्याच्याकडे आहेत त्याला ग्राहक सहसा सोडत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण हाच खरा नफा. आणि ग्राहकाने मागितला तर त्याचा डेटा एक्सेलमध्ये लगेच द्या. अडवून ठेवलेला ग्राहक चार ठिकाणी नाव खराब करतो.

या आठवड्याचा गृहपाठ

कोड लिहू नका. ओळखीच्या एका कारखान्यात मालकाची परवानगी घ्या आणि बॉयलर हाऊसमध्ये एक पूर्ण पाळी उभे राहा. अटेंडंट कधी, काय, कुठे लिहितो ते बघा. कुठला रकाना तो न बघताच भरतो, ते खास लिहून ठेवा. तुमच्या ॲपची सुरुवात त्या रकान्यापासून करा.