बळी, बली की बलि? : एका नावाचा शोध

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यास, इडा-पिडा टळून बळीचे राज्य यावे अशी इच्छा महाराष्ट्रात घरोघरी व्यक्त केली जाते. या राजाचे नाव मात्र आपण तीन प्रकारे लिहितो : बळी, बली आणि बलि. सोलापुरात मराठी माणूस 'बळी' म्हणतो, तर त्याचा कानडी शेजारी 'बलिपाड्यमी' साजरी करतो. यांतील शुद्ध रूप कोणते आणि नावाचा अर्थ काय, हे आपण पाहू.

प्रथम लेखनाविषयी. संस्कृत आणि पाली या दोन्ही भाषांत हे नाव 'बलि' असे ऱ्हस्व इकारान्त आहे. दोन स्वरांमधील एकेरी 'ल'चा मराठीत 'ळ' होतो. फल-फळ, काल-काळ ही त्याची उदाहरणे. म्हणून 'बळी' हे रूप अशुद्ध नसून मराठीच्या नियमानुसारच घडलेले आहे. १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांप्रमाणे तत्सम शब्दाचा अन्त्य इकार दीर्घ होतो, म्हणून 'बली'. समासात पूर्वपदी तो ऱ्हस्व राहतो, म्हणून 'बलिप्रतिपदा'. तिन्ही रूपे आपापल्या स्थानी योग्यच आहेत.

अर्थाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. 'बलवान' या अर्थाचा शब्द मूळ 'बलिन्' असा आहे; राजाचे नाव त्याहून निराळे. पालीत 'बलि' या सामान्यनामाचे अर्थ दोन : अर्पण आणि कर. अंगुत्तर निकायात गृहस्थाने द्यावयाचे पाच बलि सांगितले आहेत : आप्त, अतिथी, मृत पूर्वज, राजा आणि देवता यांना. यांतील राजबलि म्हणजेच कर. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी लुंबिनीस भेट दिली. तेथील स्तंभलेखात ते गाव 'उबलिके', म्हणजे बलिमुक्त, केल्याची नोंद आहे.

अर्पण केलेली वस्तू, मग अर्पण केलेला पशू आणि शेवटी प्राणास मुकलेला कोणीही मनुष्य, असा या सामान्यनामाचा अर्थविस्तार झाला. त्यामुळे आज 'बळीराजा' आणि 'दुष्काळाचा बळी' यांत एकच अक्षरे येतात. त्यावरून राजा बळी गेला म्हणून त्याचे नाव बळी पडले, अशी समजूत होते. ती चुकीची आहे. वामनाच्या पौराणिक कथेतदेखील बळीचा वध होत नाही. त्याला पाताळात धाडले जाते.

पाली वाङ्मयातील साक्ष याहून बोलकी आहे. दीघ निकायातील महासमय सुत्तात कपिलवस्तूच्या महावनात तथागत आणि भिक्खुसंघ यांच्या दर्शनास जमलेल्यांची गणना आहे. तीत असुरांमध्ये बलीचे शंभर पुत्र येतात. त्या सर्वांचे नाव वेरोच. वैरोचन बली या पौराणिक नावाशी याचे नाते उघड आहे. पण या सुत्तात वामन नाही, तीन पावले नाहीत आणि पाताळही नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) बळीला या भूमीचा न्यायी राजा मानले आणि खंडोबा, म्हसोबा ही नावे त्याच्या अधिकाऱ्यांच्या पदांवरून उकलली. त्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, हे आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परंतु जोतीरावांचा मूळ प्रश्न व्युत्पत्तीचा नव्हताच. पराभूत ठरविलेल्या राजाची आठवण कष्टकरी लोकांनी शतकानुशतके का जपली, हा तो प्रश्न होता, आणि तो आजही तितकाच सबळ आहे.

तेव्हा मराठीत नाव 'बळी' असेच लिहावे. मात्र ते लिहिताना तो राजा आहे, कोणाचे भक्ष्य नव्हे, याचे भान राखावे. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात शेतकऱ्याला बळीराजा म्हणणाऱ्या आपण सर्वांनी तर ते विशेषच राखावे.