गल्लीतलं संगीत, पियानोवर!

‘ब्राझील’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? फुटबॉल, कार्निव्हल, सांबा. आणि ‘पियानो’ म्हटलं की? काळा कोट, चिडीचूप बसलेले श्रोते, मोझार्ट, बीथोवन. आता या दोन गोष्टी एकत्र करून बघा. जमत नाही ना? शंभर वर्षांपूर्वी खुद्द ब्राझीलमधल्या प्रतिष्ठितांनाही ते जमत नव्हतं. रस्त्यावरचं रस्त्यावर, हॉलमधलं हॉलमध्ये, असा त्यांचा सरळ हिशेब. तो मोडला काही हट्टी संगीतकारांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या वादकांनी. वाचताना इअरफोन जवळ ठेवा, लागतील.

नाव बदला, मग चालेल!

सुरुवात एर्नेस्तो नाझारेथ यांच्यापासून. जन्म १८६३, रिओ द जानेरो. शोपँ त्यांचा लाडका. पण बोटांत लय होती ती ‘मशीश’ नावाच्या नाचाची. अंगाला अंग लावून नाचायचा हा प्रकार. सभ्य घरात त्याचं नावही काढायची सोय नव्हती. मग नाझारेथ यांनी काय करावं? लय तीच ठेवली आणि छापील कागदावर नाव दिलं ‘ब्राझिलियन टँगो’. टँगो म्हटलं की घरातल्या पियानोवर चालायचं!

रिओतल्या ओडेऑन चित्रपटगृहात ते बाहेरच्या प्रतीक्षागृहात पियानो वाजवायचे. ‘ओडेऑन’ ही त्यांची सगळ्यात गाजलेली रचना त्या थिएटरच्याच नावाची. ती ऐकाल तेव्हा डाव्या हाताकडे लक्ष द्या. एरवी डावा हात साथीला असतो. इथे सुरुवातीला धून तोच वाजवतो, गिटारवाला खालच्या जाड तारांवर वाजवेल तशी. पियानो एकच, पण ऐकू येतो गल्लीतला अख्खा ताफा.

असं लपवणारे ते एकटे नव्हते. फ्रान्सिस्को मिन्योने हे पुढे मोठे संगीतकार झाले, पण तरुणपणी लोकप्रिय चालीच्या रचना त्यांनी ‘शिको बोरोरो’ या टोपणनावानं छापल्या. आजच्या भाषेत, फेक अकाउंटच म्हणा ना!

एका पायात बूट, एका पायात चप्पल

लपवाछपवी ज्यांना मुळीच मान्य नव्हती, असे गृहस्थ म्हणजे हेइतोर व्हिला-लोबोस (१८८७-१९५९). पोरवयापासून रस्त्यावरच्या ‘शोरो’ वादकांत रमलेले, पोटासाठी चित्रपटगृहांत चेलो वाजवणारे. फेब्रुवारी १९२२ मध्ये साओ पावलोच्या म्युनिसिपल थिएटरमध्ये ‘आधुनिक कला सप्ताह’ भरला. पाय दुखत होता म्हणून व्हिला-लोबोस एका पायात बूट आणि दुसऱ्यात चप्पल घालून मंचावर आले. लोकांना वाटलं, हीही आधुनिकतेची काहीतरी थेरं! झाली हुर्यो सुरू.

त्याच वर्षी जुलैमध्ये रिओत आर्थर रुबिनस्टाइन यांनी त्यांची ‘बाळाचं कुटुंब’ ही आठ बाहुल्यांची मालिका पहिल्यांदा वाजवली. बाहुल्या बघा हं: चिनी मातीची गोरी, लगद्याची सावळी, मातीची, रबराची, लाकडाची काळी, आणि चिंध्यांची एक गरीब. म्हणजे अख्खा ब्राझीलच खेळण्यांच्या टोपलीत! तेव्हाही नापसंतीचे आवाज उठले. पण रुबिनस्टाइन जगभर नाव असलेला वादक. त्यांनी या मालिकेतला ‘पोलिशिनेलो’, म्हणजे विदूषक, पुढे कितीतरी मैफलींत वाजवला आणि टाळ्या घेतल्या.

हा विदूषक दीड-दोन मिनिटांचाच आहे. युक्ती ऐकायला सोपी: एका हाताला पांढऱ्या पट्ट्या, दुसऱ्याला काळ्या, आणि दोन्ही हात आळीपाळीनं सुसाट. कॉलेजच्या म्युझिक रूममध्ये कीबोर्ड असेल तर हळूहळू करून बघा. हात एकमेकांवर आदळतात की नाही? आणि त्या गोंधळातून मुलांच्या फेर धरून म्हणायच्या गाण्याची चाल स्वच्छ ऐकू यायला हवी. खरी परीक्षा वेगाची नाही, तिचीच आहे.

याच रुबिनस्टाइनसाठी व्हिला-लोबोस यांनी ‘रुदेपोएमा’ लिहिलं. वीसेक मिनिटांची ही रचना इतकी दांडगी, की शेवटी खालचे स्वर चक्क मुठीनं वाजवायचे!

मोझार्ट नाव नको रे बाबा

कामार्गो ग्वार्निएरी (१९०७-१९९३) यांचे वडील सिसिलीहून आलेले, पेशानं न्हावी आणि संगीताचे वेडे. एका मुलाचं नाव व्हेर्दी, एकाचं बेल्लिनी, एकाचं रोस्सिने. आणि यांचं? मोझार्ट! मोठेपणी ते सही करताना नुसतं ‘एम.’ लिहायचे.

त्यांनी १९३१ ते १९५९ या काळात ‘पोंतेयो’ नावाच्या ५० छोट्या रचना केल्या. गिटारच्या तारा छेडणं, यावरून हे नाव. ‘हळू’, ‘जोशात’ अशा सूचना युरोपात इटालियनमध्ये लिहायची रीत. ग्वार्निएरींनी त्या आपल्या पोर्तुगीजमध्ये लिहिल्या. गोष्ट छोटी, पण वादकाला पहिल्या ओळीतच कळतं, आपण कुणाच्या घरी आलोय.

आणि इथेच वादकाची कसोटी लागते. या संगीतात जोर ठोक्यावर कमी, ठोक्यांच्या मधल्या फटीत जास्त. तबल्याची सम माहीत असेल तर लगेच कळेल: समेला चकवायचं, पण समेला विसरायचं नाही. कागदावरचं तंतोतंत मोजून वाजवलं तर कवायत होते. उगाच नखरे केले तर टुरिस्टांसाठीचा तमाशा.

गावाकडचा नेल्सन

हे ज्यांना सहज साधलं ते नेल्सन फ्रेरे. जन्म १९४४, मिनास जेराइस राज्यातल्या छोट्या गावात. मुलाच्या पियानोसाठी घरच्यांनी बिऱ्हाड रिओला हलवलं. १९५७ मध्ये, बाराव्या वर्षी, रिओच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोचले. परीक्षकांत गियोमार नोव्हाएस होत्या, १९२२ च्या त्या सप्ताहात पियानो वाजवलेल्या! राष्ट्राध्यक्ष कुबिचेक यांनी शिष्यवृत्ती दिली आणि नेल्सन व्हिएन्नाला गेले.

पुढची कितीतरी वर्षं जग त्यांच्याकडून शोपँ, ब्राम्स ऐकत राहिलं. २०१२ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी व्हिला-लोबोस, ग्वार्निएरी, मिन्योने वगैरेंच्या रचनांचा अल्बम काढला. नाव साधंच: ‘ब्राझिलेइरो’, म्हणजे ब्राझीलचा माणूस. टोपणनाव नाही, काही नाही. २०२१ मध्ये ते गेले.

नाझारेथ यांच्या वाट्याला हे सुख आलं नाही. ऐकू येईनासं झालं, मानसिक रुग्णालयात ठेवावं लागलं. १९३४ मध्ये ते तिथून निघून गेले आणि काही दिवसांनी त्यांचा मृतदेहच सापडला. त्यांचा ‘टँगो’ आज मैफलीत वाजतो तेव्हा तो खरं तर मशीश आहे, हे सांगायला कुणी लाजत नाही.

इथून सुरुवात करा

- नाझारेथ: ‘ओडेऑन’ (डावा हात ऐका)
- व्हिला-लोबोस: ‘पोलिशिनेलो’, रुबिनस्टाइन यांचं वादन
- ग्वार्निएरी: ‘दान्सा नेग्रा’ (दुरून येणारी, जवळ येऊन पुन्हा लांब जाणारी लय)
- नेल्सन फ्रेरे: ‘ब्राझिलेइरो’ (सलग ऐका, शफल नको)

आणि हो, ऐकून झालं की आपल्या प्लेलिस्टमधलं एखादं गाणं आठवा, मित्रांसमोर लावायला लाजता ते. त्याचं खरं नाव काय आहे?